परसातल्या गजाली: स्विंडनचा कढीपत्ता, रेडिंगची केळ आणि चवथीची माटोळी

ह्या खेपेला आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त प्रश्न परदेशातल्या बागांचे आहेत आणि त्यात नवल काही नाही, पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठल्याही वाड्यावर विचारा, कोणाचं ना कोणाचं लेकरू स्विंडनला, लंडनला, डब्लिनला नाहीतर टोरांटोला असतंच, आणि तिथे घरामागे चार हात माती मिळाली की पहिल्यांदा कढीपत्ता नि केळ आठवते. म्हणून हा अंक त्यांचाच. मडगावचा एक अगदी उलटा प्रश्न आलाय तो शेवटी घेतलाय.

प्रश्न: नमस्कार ताई, माझी मुलगी स्विंडनला असते. तिने गेल्या उन्हाळ्यात कढीपत्त्याचं रोप घेतलं, छान फुटलं होतं, पण डिसेंबरात सगळी पानं पिवळी पडून गळली. खिडकीत ठेवलंय, खाली हीटर आहे म्हणजे ऊब पण आहे, ती रोज पाणी घालते, अधूनमधून ताक पण घालते, मीच सांगितलं होतं. आता नुसती काडी राहिलीय. फेकून द्यावं का? (साखळी)

फेकायचं नाही, आधी मेलंय का ते बघायचं. बुंध्याची साल नखाने जराशी खरवडायला सांगा, आत हिरवं दिसलं तर जीव आहे. वरच्या काडीला तपकिरी कोरडं दिसलं तर दोन बोटं खाली खरवडून बघायचं, असं करत मातीपर्यंत यायचं. बऱ्याचदा वरचं वाळलेलं असतं नि खाली हिरवं असतं, आणि तेवढं पुरतं.

आता पानं का गेली ते. तुम्हाला वाटतंय ऊब दिली म्हणजे झालं, पण तिकडे डिसेंबरात दिवस जेमतेम पावणेआठ तासांचा, त्यात अर्धे दिवस ढगाळ. आपल्याकडे वर्षातला सगळ्यात लहान दिवससुद्धा अकरा तासांच्या वर असतो. म्हणजे त्या रोपाला खालून हीटर सांगतोय की ऊठ वाढ, आणि वरून उजेड नाही, मग ते करणार काय, पानं टाकणार. त्यापेक्षा ते १२ ते १५ डिग्रीच्या गार पण उजेडाच्या खोलीत ठेवलेलं बरं, झोपून राहतं. १० च्या खाली जाऊ द्यायचं नाही एवढंच.

खिडकीचं अजून एक आहे जे कोणी सांगत नाही. संध्याकाळी चार वाजता काळोख झाला की तिकडे सगळे पडदे ओढतात, आणि कुंडी पडद्याच्या आणि काचेच्या मध्ये अडकते. खोलीत २० डिग्री असले तरी त्या फटीत रात्री कडाक्याची थंडी असते, काचेला टेकलेली पानं सकाळी काळी झालेली दिसतात. आणि दिवसा खालून हीटरची कोरडी झळ, त्याने लाल कोळी ही कीड येते, पानाच्या पाठीमागे बारीक जाळी धरते. तेव्हा पडदा ओढायच्या आधी कुंडी खोलीच्या आत घ्यायची, रोज, आणि हीटरपासून लांब.

आता पाणी, आणि हे सगळ्यांनीच वाचा कारण ह्या महिन्याच्या अर्ध्या प्रश्नांचं उत्तर हेच आहे. लोकांना वाटतं आपली झाडं तिकडे थंडीने मरतात. काही मरतात. पण थंडीत घातलेल्या पाण्याने त्याहून जास्त मरतात. लंडनला अख्ख्या वर्षात साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्या पणजीत एकट्या जुलैत त्याहून जास्त पडतो, तरी आपल्याकडचा कढीपत्ता पावसात उभा असतो नि तिकडचा कपभर पाण्याने कुजतो, कारण आपल्याकडे माती गरम, मूळ चालू, आणि जांभ्याच्या जमिनीतून पाणी निघून जातं. तिकडे मूळ झोपलेलं असतं, ते पाणी पीतच नाही, ते पाणी तसंच गार होऊन मुळाभोवती बसतं. तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं, कोरडं लागलं तरच घालायचं, तेही थोडं. पान नसलेल्या काडीला तर महिन्यातून एखाद्या वेळी चालतं.

आणि ताक बंद. आपल्या परसात ताक घातलं तर माती खाऊन टाकते, बंद खोलीतल्या कुंडीत ते सडतं, वास येतो आणि बारीक काळी चिलटं होतात. त्यामागचा हेतू बरोबर आहे, कढीपत्त्याला किंचित आंबट माती आवडते, आणि इंग्लंडच्या दक्षिणेत नळाचं पाणी चुन्याचं असतं, किटलीत पांढरा थर धरतो ते तेच. त्यासाठी तिला पावसाचं पाणी धरून ठेवायला सांगा आणि एप्रिलमध्ये कुंडी बदलताना ब्लूबेरी किंवा ऱ्होडोडेंड्रॉनसाठी जे आंबट कंपोस्ट मिळतं ते मिसळायला सांगा. जून ते मध्य सप्टेंबर बाहेर, रात्र १०-१२ च्या वर आहे तोवर. शेंडे खुडत राहायचं, नाहीतर एकच काठी वर जाते.

प्रश्न: ताई, मुलाने रेडिंगला घर घेतलंय, मागे चांगली मोठी बाग आहे. त्याला केळ लावायचीय. आमच्याकडे मयड्याची (मयडे गावच्या प्रसिद्ध जातीची) केळ आहे, त्याचं एक छोटं पिल्लू पेपरात गुंडाळून बॅगेतून पाठवलं तर पोचेल का? आणि तिथे केळी धरतील का? (म्हापसा)

पोचेल का विचारू नका, पाठवू नका. भारतातून लावण्यासाठी रोप, कंद, पिल्लू काहीही न्यायचं असेल तर, इंग्लंड असो नाहीतर पोर्तुगाल, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट लागतं, म्हणजे ह्याला रोग-कीड नाही असा सरकारी दाखला. बॅगेत सापडलं तर काढून घेतात आणि वर चौकशी. उगाच नियम केलेला नाही हो, केळीचा पर्णगुच्छ रोग पिल्लांतूनच फिरतो, बाहेरून पिल्लू ताजंतवानं दिसतं नि आत विषाणू असतो. कढीपत्त्याच्या रोपाचंही तेच, त्याच्यावर बसणारी बारीक उडी मारणारी कीड लिंबाच्या झाडांचा ग्रीनिंग रोग पसरवते, म्हणून लिंबं-संत्री पिकवणारे देश त्याला घाबरतात. तिथल्याच नर्सरीत घ्यायचं.

आणि मयड्याचं केळं तिथे होणारही नाही. केळीला नुसतं बर्फ पडायची गरज नसते, १० डिग्रीच्या आसपासच तिच्या पेशींचं गणित बिघडायला लागतं. फ्रिजमध्ये ठेवलेलं केळं काळं पडतं ना, तिथे कुठे बर्फ झालेला असतो, तेच पानाचं होतं.

पण केळ लावायचीच असेल तर एक आहे, मूसा बासजू. नर्सरीत तिला जपानी केळ म्हणतात, मूळची दक्षिण चीनची. हिचा जमिनीतला गड्डा कडक थंडीतून वाचतो, वरचं सगळं काळं पडून गेलं तरी मे महिन्यात परत फुटते. नुसता गड्डा वाचवायचा असेल तर बुंध्याभोवती वीतभर जाड पेंढा किंवा सुकी पानं पसरली की झालं. पण मग दर वर्षी शून्यापासून सुरुवात, डोक्याएवढी झाली की परत थंडी. उंच दणदणीत केळ पाहिजे तर खोड वाचवावं लागतं, आणि ते करायची पद्धत अशी:

ऑक्टोबरच्या शेवटी नाहीतर नोव्हेंबरात पहिलं दंव पडून पानं काळी होऊ द्यायची, त्याआधी घाई नको. मग पानं छाटायची, खोड कंबर ते छातीएवढं ठेवायचं. त्याच्याभोवती वीतभर अंतर सोडून कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीचं गोल कुंपण करायचं, खुंट्या ठोकून, आणि आतल्या पोकळीत सुका पेंढा भरायचा, दाबून नाही, सैल. बाहेरून फ्लीस म्हणून पांढरं कापड मिळतं ते गुंडाळायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वर झाकण, कौल ठेवा, पत्र्याचा तुकडा ठेवा, काही ठेवा, पण वरून पाऊस आत जाता कामा नये, केळीचं खोड म्हणजे पानांच्या देठांची गुंडाळी, वरून पाणी शिरलं की मधोमध जातं नि तिथून कुजायला लागतं. काही लोक प्लास्टिक गुंडाळतात, ते करू नका, आत घाम येतो. मार्चअखेर ते मध्य एप्रिल, हवा बघून उघडायचं. वरचं टोक मऊ लागलं तर धारदार सुरीने घट्ट पांढरं लागेपर्यंत कापत खाली यायचं, मधून नवं पान वर येतं, आणि एकदा का आलं की दोन-तीन दिवसात बोटभर वाढलेलं दिसतं.

लावायची जागा भिंतीच्या आडोशाला, वाऱ्याने पानाच्या चिंध्या होतात. उन्हाळ्यात खत नि पाणी भरपूर, तेव्हा हात आखडता घ्यायचा नाही.

फळ? आलंच तर बोटाएवढं नि आत नुसत्या बिया. खायचं नाही. पान मात्र वाढायला येतं, त्यामुळे चवथीचं जेवण केळीच्या पानावर, हे रेडिंगला जमू शकतं, आणि मला वाटतं तेवढ्यासाठी लावायला हरकत नाही.

एन्सेटे नावाची लालसर पानाची केळ पण तिथे विकतात, दिसते फार देखणी, पण ती आफ्रिकेतली आणि तिचा गड्डा थंडीत वाचत नाही, शिवाय पिल्लंही देत नाही. तिला ऑक्टोबरात उपटून, पानं छाटून, मुळांची माती झाडून, कोरडी करून गॅरेजात उभी ठेवावी लागते. पहिल्या वर्षी नको.

एक गंमत सांगते. मुलाला खरंच खायची केळी तिथे पिकवायची असली तर त्याला काचघर लागेल, आणि तसं कोणी केलेलंही आहे. १८३०च्या सुमाराला डर्बीशायरमधल्या चॅट्सवर्थला जोसेफ पॅक्स्टन नावाचा माळी होता, ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या पदरी, त्याने मॉरिशसहून आलेली बुटकी केळ गरम काचघरात वाढवली, १८३५ मध्ये तिला फूल आलं, आणि ड्यूकचं घराणं कॅव्हेंडिश म्हणून केळीलाही तेच नाव पडलं. तिथून ती पुढे मिशनऱ्यांबरोबर समोआला गेली. आज जगभर विकलं जाणारं जे पिवळंधमक केळं, आपल्या म्हापशाच्या बाजारात जी-नाइन म्हणून येतं ते, ते ह्याच कॅव्हेंडिश गटातलं. मयड्याच्या केळ्यासमोर चवीला काहीच नाही ते सोडा.

प्रश्न: ताई मी फोंड्याची, सध्या डब्लिनला. इथे हळदीची पानं मिळत नाहीत, पातोळ्यो (हळदीच्या पानात उकडलेला गोड पदार्थ) करायच्या तर फ्रोझन पानं आणावी लागतात आणि त्यांना वास नसतो. इंडियन दुकानात ओली हळद मिळते ती कुंडीत लावून पानं मिळतील का? फ्लॅटमध्येच राहते, दक्षिणेकडे तोंड असलेली मोठी काच आहे.

मिळतील, आणि तुझा प्रश्न वाचून मला बरं वाटलं कारण तू हळद मागत नाहीस, पान मागतेयस. हळकुंड भरायला आठ-नऊ महिने ऊब लागते, ती डब्लिनला मिळणार नाही. पान मात्र चार-पाच महिन्यांत तयार होतं.

फेब्रुवारीत दुकानातून तजेलदार, डोळे फुगलेले कंद निवडून आण. सुरकुतलेले नको. ओलसर कोकोपिटमध्ये आडवे अर्धवट पुरून २०-२५ डिग्रीच्या जागी ठेव, गरम पाण्याच्या टाकीचं कपाट असेल तर उत्तम, अजून कोंब नाही तोवर उजेडाची गरजच नसते. कोंब यायला महिना-सव्वा महिना पण लागतो, रोज उकरून बघू नको. कोंब दिसला की मोठ्या कुंडीत, काचेजवळ. बाहेर बाल्कनीत ठेवायचा मोह होईल पण डब्लिनचा जुलै म्हणजे दुपारी १९-२० डिग्री, आपली पौषातली रात्रसुद्धा साधारण तेवढी असते, तेव्हा आतच असू दे. एका कुंडीतून चांगली मोठी अशी मोजकीच पानं मिळतात, त्यामुळे चार-पाच कुंड्या कर, नाहीतर नागपंचमीला सगळी कापशील आणि हरताळकेला काही उरणार नाही. पान आपल्यापेक्षा अरुंद येईल. वासाला कमी नाही.

ऑक्टोबरात पानं पिवळी पडली की पाणी बंद, कुंडी तशीच कोरडी, १२ च्या वर, कपाटात. मार्चला परत.

तू पुढे लिहिलंयस की गार्डन सेंटरमध्ये अळवासारखं मोठ्ठं पान बघितलं, ते खाल्लं तर चालेल का. नाही. तिकडे कोलोकेशिया आणि अलोकेशिया शोभेसाठी विकतात, काळ्या पानांचे, चट्ट्यापट्ट्यांचे, आपल्याकडे पावसात गटाराच्या कडेला फुकट उगवतं त्या तेऱ्याच्या नात्यातल्या ह्या झाडाला तिकडचे लोक किती पैसे मोजतात ते बघून हसू येतं, पण अलोकेशिया खायचं नसतंच, आणि शोभेच्या कोलोकेशियाच्या जातीही खाज किती देतील सांगता येत नाही, शिवाय त्यांच्यावर काय फवारलेलं असेल. अळवडीसाठी दुकानात खायचे अळकुड्याचे कंद मिळतात, ते लाव.

प्रश्न: लंडनला बाल्कनीत माड लावता येईल का? (वास्को)

नाही.

कोणी कितीही सांगितलं, इंटरनेटवर कोंब आलेल्या नारळाचे कितीही फोटो दाखवले तरी नाही, दुकानात जे विकतात ते घरात सहा-आठ महिने टिकून मरतं. माडासारखं काहीतरी पाहिजे तर ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी घ्या, चीनमधला ताड, रॉबर्ट फॉर्च्युन नावाच्या माणसाने १८४९च्या सुमारास इंग्लंडला पाठवला म्हणून ते नाव. बर्फात उभा राहतो. फळबिळ काही नाही, बुंध्याला काथ्यासारखे केस असतात तेवढंच समाधान.

रोप घेताना लेबल वाचायला शिका. तिथे रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीची एच-१ ते एच-७ अशी पट्टी असते. एच-१ म्हणजे ५ डिग्रीच्या खाली जाऊ द्यायचं नाही, आपली बहुतेक झाडं ह्यातच. एच-२ ला दंव नको. एच-३ उणे ५ पर्यंत, एच-४ उणे १०, हा ताड एच-५, म्हणजे उणे १५. पण तो आकडा हवेचा आहे. चिकणमातीत पाणी साचलेलं असेल तर एच-४ वालं झाड उणे ३ लाही जातं.

प्रश्न: आम्ही इंग्लंडात स्लाऊला चार-पाच गोंयकार कुटुंबं मिळून चवथ करतो. माटोळी (गणपतीच्या वर फळं-भाज्या बांधलेली चौकट) बांधतो पण सगळं दुकानातलं, प्लास्टिकची द्राक्षंसुद्धा. ह्या वर्षी ठरवलंय माटोळीला जमेल तेवढं आपल्या बागेतलं बांधायचं. काय काय लावता येईल? एकाकडे पॉलीटनेल (प्लास्टिकचं बोगद्यासारखं काचघर) आहे. (मूळचे डिचोलीचे)

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. आणि तुमचं नशीब बघा, चवथ ऑगस्टअखेर नाहीतर सप्टेंबरात येते, तिकडची बाग तेव्हाच भरलेली असते. मे महिन्यात चवथ असती तर तुमच्याकडे काहीच नसतं.

बाहेर मोकळ्यावर: मका, लाल भोपळा, दुधी एखादा जमला तर, वालासारखी रनर बीन. मका एका ओळीत लावू नका, चौकोनात लावा, त्याचं परागण वाऱ्याने होतं, ओळीत लावला की कणसं अर्धी भरतात. टनेलमध्ये: काकडी, म्हणजे आपलं तवशें काही तेवढं होणार नाही पण चांगली होते, मिरची, भेंडी, दोडकी, कारलं. चिबूड टनेलमध्ये होतं, पण एका वेलावर दोन-तीनच ठेवायची, बाकीची खुडायची. मिरचीचं बी फेब्रुवारीत घरात पेरायला हवं, बाकीचं एप्रिलमध्ये.

आता ह्यात बहुतेक लोक कुठे फसतात ते सांगते. एप्रिलमध्ये तिकडे एक-दोन आठवडे असलं सुंदर ऊन पडतं की लोक टी-शर्टवर फिरतात, आणि आपले लोक घरातली रोपं उचलून थेट जमिनीत लावतात. दक्षिण इंग्लंडमध्ये दंव मेच्या मध्यापर्यंत, कधी त्याच्याही पुढे पडू शकतं. एक रात्र पुरते. दंवात पेशींमधल्या पाण्याचा बर्फ होतो, पेशी फाटतात, सकाळी पान शिजवलेल्या पालकासारखं लोंबतं. म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्याआधी काही बाहेर कायमचं लावायचं नाही, आणि त्याआधी रोपांना सवय लावायची. पहिले दोन-तीन दिवस दुपारी तासभर सावलीत, मग अर्धा दिवस, मग दिवसभर, मग रात्रीही बाहेर पण फ्लीसखाली, असं दहा-पंधरा दिवस. घरात काचेमागे वाढलेल्या पानाला खरं ऊन नि वारा माहीतच नसतो, एकदम बाहेर काढलं तर थंडीआधी उन्हानेच पांढरं पडतं.

फुलांसाठी डेलिया आणि कर्दळ लावा, दोन्ही तेव्हा बहरात असतात. डेलिया मेक्सिकोची, पहिल्या दंवात एका रात्रीत काळी पडते, तेव्हा घाबरायचं नाही, वरचं कापून कंद काढायचे, पंधरा दिवस उलटे टांगून देठातलं पाणी निथळू द्यायचं, मग सुक्या वाळूत खोक्यात घालून गॅरेजात. उलटे टांगायचं विसरलात तर देठाच्या पोकळीतलं पाणी कंदात उतरून कुजतात.

आणि जास्वंद. आपली लाल जास्वंद कुंडीतच, थंडीत घरात. पण हिबिस्कस सिरियाकस म्हणून एक आहे, उणे १५ पर्यंत बाहेर राहते आणि ऑगस्ट-सप्टेंबरात फुलते, म्हणजे बरोबर चवथीला. पांढरी, गुलाबी, जांभळट मिळते. लाल मिळत नाही, गणपतीला चालवून घ्यावं लागेल. ही फार उशिरा पालवते, मेपर्यंत नुसत्या काटक्या, त्यामुळे मेली समजून उपटू नका.

आता राहिली कवंडाळं, कांगलां, आंबाडे ही रानफळं, सुपारीचा घोस, नारळाची पेण म्हणजे घड. ती नाहीच मिळणार. पण माझं मत विचाराल तर माटोळी म्हणजे त्या दिवसांत आपल्या रानात जे पिकलंय ते देवासमोर बांधणं, डिचोलीच्या रानातलं नसेल तर स्लाऊच्या आसपासचं बांधा की. रोवन नावाच्या झाडाला तेव्हा लालभडक बारीक फळांचे घोस येतात, बघितलं तर सुपारीची आठवण होईल, कच्चे खायचे नाहीत फक्त. क्रॅब ॲपल असतात, हेझलनटचे हिरवे झुबके असतात, ब्लॅकबेरी असते. प्लास्टिकची द्राक्षं तेवढी काढून टाका.

प्रश्न: टोरांटोला चाफा लावलाय कुंडीत. ऑक्टोबरपासून पानं गळताहेत. काय खत घालू? इथे उणे २० होतं. (पेडण्याहून आईने विचारलंय)

काही घालू नका, खतही नको नि पाणीही नको. जानेवारी-फेब्रुवारीत आपल्या देवळांच्या आवारातले चाफे बघा, नुसत्या बोथट फांद्या उभ्या असतात, कोणी खत घालायला धावत नाही. तो त्याचा झोपायचा काळ आहे. पानं गेली की कुंडी बेसमेंटमध्ये नेऊन ठेवायला सांगा, १० डिग्रीच्या वर असलं की झालं, उजेड नसला तरी चालतो कारण पानंच नाहीत. पाणी महिन्यातून एखादा कप, तेही फांदी सुरकुतायला लागली तर. एप्रिलमध्ये टोकाला हिरवा कोंब दिसला की उजेडात आणायचं आणि मग पाणी सुरू.

ह्या बाबतीत चाफा मोगऱ्यापेक्षा सोपा. मोगरा, अबोली ह्या पानं धरून ठेवणाऱ्या, त्यांना थंडीतही उजेड नि १३ च्या वर ऊब दोन्ही लागतं, अबोलीला तर हवेत दमटपणा पण, म्हणून टोरांटोला मी अबोली कोणालाच सुचवत नाही. इंग्लंडमध्ये असाल तर मोगऱ्याऐवजी जाईच्या जातीतली जॅस्मिनम ऑफिसिनाले भिंतीवर चढवा, ती हिमालयाकडचीही, बाहेर राहते आणि जूनपासून फुलते.

आणि लिस्बनला असलेल्यांनी हे सगळं वाचून घाबरू नये, तुमच्याकडे दंव क्वचित, बोगनवेल भिंतभर चढलेली असते, तुम्हाला फक्त उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेचं बघायचंय.

प्रश्न: काचघराला हीटर लावला तर बिल किती येईल? (ल्युटनहून)

बिल तुमच्या काचघराच्या आकारावर आणि तुम्ही किती डिग्री मागता त्याच्यावर. पण लक्षात घ्या, ५ डिग्री राखणं आणि १५ राखणं ह्यात खर्चाचा फरक प्रचंड पडतो, त्यामुळे सगळं काचघर गरम करू नका, एका कोपऱ्यात बबलरॅपची खोली करा नि जपायची झाडं तेवढी तिथे, थर्मोस्टॅट ५-६ वर. पॅराफिनचा हीटर वापरत असाल तर तो जळताना वाफ सोडतो, आत ओल धरते, बुरशी येते, तेव्हा दुपारी जरा झडप उघडा. वीज नव्हती तेव्हा अठराव्या शतकात इंग्लंडचे माळी घोड्याच्या लिदीच्या नि कातडी कमावण्याच्या सालीच्या उबेवर अननस पिकवायचे. लीद मिळत असेल तर आजही रोपांच्या ट्रेखाली चांगली ऊब देते, शेजारी काय म्हणतील ते तुम्ही बघा.

प्रश्न: सगळे इथलं तिथे लावतात, मला तिथलं इथे लावायचंय. मडगावला घराच्या मागे ट्युलिप, हायड्रेंजिया आणि सफरचंद. हसू नका.

हसत नाही. पण ट्युलिप सोडा. त्याच्या कंदाला फूल वर ढकलायला तीन-चार महिने ५-९ डिग्रीची थंडी लागते, ती फ्रिजमध्ये देता येते, शेजारी फळं ठेवायची नाहीत कारण पिकणाऱ्या फळांच्या वायूने आतलं फूल मरतं, पण पुढे काय? बाहेर काढलं की मडगावच्या जानेवारीतली दुपार ३२ डिग्री, दांडा बोटभर वर येतो नि फूल मातीला टेकूनच उघडतं, तेही दोन दिवस. आणि कंद पुढच्या वर्षी कामाचा राहत नाही.

हायड्रेंजिया फुलं असलेली विकत मिळते ती थंड ठिकाणी वाढवलेली असते. सावलीत जगते, पान चांगलं राहतं, पण पुढच्या कळ्या बसायला काही आठवडे गार रात्री लागतात, त्या मडगावला मिळत नाहीत. एकदा फुललेली बघायची आणि मग पानावर समाधान मानायचं, तयारी असेल तर घ्या.

सफरचंदाचं जरा वेगळं. हिमाचलच्या बिलासपूरमध्ये हरिमन शर्मा ह्या शेतकऱ्याने एचआरएमएन-९९ ही जात काढलीय, तिला कडक थंडी लागत नाही, उष्ण मैदानी भागातही लोकांनी लावलीय. आपल्याकडे तिची अडचण उष्णतेपेक्षा पावसाची, जून ते सप्टेंबर मुळाशी पाणी उभं राहिलं की गेली. तेव्हा लावायचीच तर उतारावर, दोन फूट उंच मातीचा ढीग करून त्याच्यावर लावा, खड्ड्यात नाही, आणि पावसाळ्यात बुंध्याजवळ पाला-पाचोळा रचू नका. डिसेंबरात पानं हाताने काढून टाकतात काही लोक, झाडाला विश्रांती मिळावी म्हणून, ते करून बघायला हरकत नाही.

आणि थंड देशातलं काहीतरी खायचंच असेल तर सांगे तालुक्यात वेर्लेला उंचावर शेतकरी स्ट्रॉबेरी घेतात, हिवाळ्यात जाऊन बघून या, त्यांच्याशी बोला, मडगावला कुंडीत स्ट्रॉबेरी नोव्हेंबरात लावली तर मार्चपर्यंत थोडीफार फळं देते. दुपारचं ऊन तेवढं अडवा आणि फळाखाली सुकं गवत पसरा, मातीला टेकलेलं फळ गोगलगायी ठेवत नाहीत.